डोकं फिरतंय का री?

पिराजी पेंटरची मान धरली ती डावीकडं बघताना धरली, आणि तशीच राहिली. नौबादच्या रस्त्यानं बिदरकडं निघालेला पिराजी सारखा बाजूच्या शेतांकडं बघत चाललाय असं लोकांना वाटायचं. "काय पिराजी, रान इकत घ्यायलास का?" असं दोघा-चौघांनी विचारलंही. उत्तर द्यायचं तर पिराजीला अख्खं अंग वळवावं लागायचं, आणि तोवर विचारणारा पुढं निघून गेलेला असायचा.

मान धरणार नाही तर काय होणार? ह्या माणसाची उभी हयात वर बघण्यात गेली होती. बिदरपासून भालकीपर्यंत अशी भिंत नव्हती जिच्यावर पिराजीचा ब्रश फिरला नव्हता. खतं, विड्या, बनियन, हात जोडलेले उमेदवार, 'येथे घाण करू नये', सगळं त्याच्या हातचं. मराठी लिहायचा, कन्नड लिहायचा, आणि गिऱ्हाईक शेजारी बसून सांगत असेल तर उर्दूही काढायचा. अक्षर असं ठसठशीत, की घाण करायला आलेला माणूससुद्धा आधी उभा राहून वाचायचा आणि मग घाण करायचा.

पण इतक्या वर्षांत लिहिलं ते सगळं दुसऱ्याचं. पिराजीला ही गोष्ट अलीकडं फार लागायला लागली होती. आणि अशात नौबादला विहार बांधून झाला. दारावर कमान चढली, चांगली उंच, आणि कमानीवर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत नाव लिहायचं काम कमिटीनं न विचारताच पिराजीचं धरलं. पिराजीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. घरानं दीक्षा घेतली तेव्हा तो पाटीवर गिरवायच्या वयाचा होता. त्याचा आबा, म्हणजे बाप रामराव, आयुष्यभर अंगठा उठवणारा माणूस, त्यानं पोराच्या हातात कोळसा देऊन घराच्या भिंतीवर 'बुद्ध' लिहून घेतलं होतं, आणि वस्तीतल्या प्रत्येकाला हात धरून आणून दाखवलं होतं. बाप आता नव्हता. पण ह्या कमानीवरचं नाव आपल्याच हातचं असावं, ही एकच गोष्ट पिराजीला आता आयुष्याकडून पाहिजे होती. आणि आपण नाही लिहिलं तर जवळच्या कोळारच्या कारखान्यांच्या पाट्या रंगवणारा श्रीमंत नावाचा दुसरा पेंटर लिहिणार, हेही त्याला माहीत होतं. माणूस चांगला, पण बुद्धातला 'द' आणि 'ध' तो कायम उलटे जोडायचा. कमानीवर जन्मभर चुकीचा बुद्ध बघायचा, ह्या विचारानंच पिराजीची मान आणखी आखडायची.

आता खरी गोम सांगायला पाहिजे, जी पिराजीनं कुणालाच सांगितली नव्हती. नुसती मान दुखत असती तर तो दात-ओठ खाऊन लिहून मोकळा झाला असता. पण शिडीवर चढून मान मागं टाकून वर बघितलं, की त्याला गरगरायचं. कमान एका बाजूला सरकायची, आभाळ दुसऱ्या बाजूला, आणि पिराजी दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारून डोळे मिटून उभा राहायचा. खालून कुणी विचारलंच, तर "माप घ्यायलोय" म्हणायचा. हे त्यानं बायकोला, शोभाबाईला, सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी शिडी मोडून चुलीत घातली असती. तेव्हा त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं की हे सगळं मानेमुळं आहे, आणि एकदा मान कट्कन मोडून मोकळी झाली की आभाळ जागच्या जागी बसेल.

मान मोडायची तर कल्लप्पा. कल्लप्पाचं केस कापायचं दुकान नौबादच्या नाक्यावर होतं. दाढी झाली की तो हनुवटी एका हातात आणि डोकं दुसऱ्या हातात धरून असा हिसका द्यायचा, की आवाज बाहेर हॉटेलात ऐकू जायचा. पिराजी सकाळी सकाळी जाऊन खुर्चीत बसला. कल्लप्पानं त्याची हनुवटी धरली, श्वास आत घेतला, आणि तेवढ्यात शोभाबाई आत शिरून नवऱ्याच्या गळ्यातला टॉवेल ओढायला लागली.

"सोडा आदी त्यांना!" ती ओरडली. "माझ्या भावाची अशीच मोडली हुती ह्यानं, लग्नाच्या आदल्या दिशी. लग्नाच्या समद्या फोटूत त्यो नवरीकडं न बघता भटारखान्याकडं बघायलाय!"

"अक्का, नवरी बघूनच त्यानं तोंड फिरवलं आसंल," कल्लप्पा म्हणाला.

ह्यावर शोभाबाई जे बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही. एवढं मात्र झालं, की तासाभरात पिराजी बिदरच्या एका धर्मादाय दवाखान्यात बाकड्यावर बसलेला होता. तिथं मानेच्या, कंबरेच्या दुखण्यावर व्यायाम आणि शेक देणारा नवा डॉक्टर आलाय, असं शोभाबाईनं नळावर ऐकलं होतं. लोक त्याला शेकाचा डॉक्टर म्हणायचे.

शेकाचा डॉक्टर म्हणजे लिंगराज. दावणगेरेकडचा पोरगेला माणूस, नव्या नोकरीवर नुकताच आलेला, आणि मनानं इतका चांगला की त्यातूनच सगळं पुढचं रामायण झालं. इकडचे बरेच लोक घरात मराठी बोलतात हे कळल्यावर त्यानं ठरवलं, की पेशंटशी त्याच्या घरच्या भाषेतच बोलायचं. मराठी त्यानं जमेल तशी शिकून घेतली होती. म्हणजे वाक्य मनात कन्नडमध्ये जुळवायचं आणि एकेक शब्द उचलून त्या जागी मराठी ठेवायचा; आदराचा कन्नड 'री' मात्र शेवटी तसाच राहायचा.

इकडं पिराजीला कन्नड मराठीइतकंच येत होतं. शोभाबाईचं तर माहेरच हुमनाबादकडचं. पण हा बिचारा आपल्यासाठी मराठीत धडपडायलाय, तर आपण कन्नडमध्ये जाऊन त्याचं मन कामून मोडायचं, असा विचार दोघांनी केला. माणसं अशी एकमेकांची अदब राखायला लागली की काही खरं नसतं.

"बसा री. काय झालं?" लिंगराजनं विचारलं.

"साहेब, माझी मान गेली," पिराजी म्हणाला.

लिंगराजचा चेहरा पडला. कन्नडमध्ये 'मान' म्हणजे अब्रू. नोकरीवर आल्यापासून गुडघे आणि कंबरा ह्यांच्या पलीकडं त्याची मराठी गेली नव्हती, आणि अब्रू गेलेला पेशंट त्याला अजून भेटला नव्हता.

"अरेरे. कसा गेला री?"

"शिडीवर."

"शिडीवर? लोकांच्या समोर?"

"खाली हुते की चार-दोन लोकं."

"कुणी घालवला?"

"कोन घालवतंय? माझी मीच."

लिंगराजनं पुढं वाकून पिराजीच्या हातावर हात ठेवला. "मन लहान करू नका री. मान गेला तर फार वाईट वाटतं, मला माहीत आहे. पण लोक विसरतात. हळूहळू परत येतो."

पिराजीला डॉक्टर एकदम आवडून गेला. हात न लावता, न तपासता माणूस परत येईल म्हणतो म्हणजे गुणाचाच असणार. पण शोभाबाईला कुठंतरी पाणी मुरल्यासारखं वाटलं. तिनं उठून नवऱ्याच्या मानेवर मागून एक बोट खुपसलं. पिराजी कळवळला.

"ही! ही हितं दुखायलीया!"

"ओ! कुत्तिगे!" लिंगराजला हायसं वाटलं. "मान म्हणजे हे!"

ह्याच वेळी तिघांनी शहाणं व्हायला पाहिजे होतं. पण लिंगराज एक नवा शब्द मिळाल्याच्या आनंदात होता, आणि मराठीतूनच पुढं निघाला. त्याला कॉलेजात एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती: मानेला हात लावायच्या आधी प्रश्न विचारायचे. मान दुखतीय म्हणून आलेल्या माणसाला गरगरतं का, डोळ्यांपुढं दुहेरी दिसतं का, बोलणं जड होतं का, गिळायला त्रास होतो का, चालताना झोक जातो का, हे सगळं विचारल्याशिवाय मान वळवायची नाही, मोडायची तर नाहीच. तो खुर्ची पुढं ओढून बसला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला.

"तुमचं डोकं फिरतंय का री?"

पिराजीचे कान तापले. त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय?"

"डोकं. फिरतंय का? रोज फिरतं, की कधीकधी?"

पिराजी तोंड उघडायच्या आत शोभाबाई सरसावून बसली. लग्न झाल्यापासून हा प्रश्न तिला कुणीतरी विचारायची ती वाट बघत होती.

"फिरतंय की! रोज फिरतंय!" ती म्हणाली. "सकाळी च्याला उशीर झाला की फिरतंय. ब्रश जाग्यावर न्हाई गावला की फिरतंय. माझ्या माहेरचं कुनी आलं की तर इचारूच नका."

"चहाच्या आधी," लिंगराज गंभीरपणे म्हणाला. "आणि पाहुणे आल्यावर. फार वेळ राहतं?"

"पाव्हणे जाईस्तोवर."

"शोभे, गप बस," पिराजी गुरगुरला.

"बघा, फिरलं!" शोभाबाई म्हणाली.

लिंगराजनं घाईनं पिराजीच्या डोळ्यांत वाकून बघितलं. मग पुढचा प्रश्न.

"एकाचे दोन होतात का?"

"दोन? चार करून सांगतेत!" शोभाबाई म्हणाली. "पाच फुटाची भित्त ऱ्हायली तर घरी येऊन वीस फुटाची सांगतेत."

"चार!" लिंगराजनं पुस्तकात दोनच वाचले होते. "बरं. बोलताना जीभ घसरते?"

"सारखी. परवा माझ्या मावशीला भर पंगतीत म्हनाले—"

"शोभे!"

"आणि घशाखाली उतरायला त्रास?"

"माझ्या घरच्यांचं एक शबूद उतरत न्हाई ह्यांच्या घशाखाली."

लिंगराजच्या कपाळावर घाम आला. एवढी सगळी लक्षणं एकाच माणसात, आणि माणूस बसनं दवाखान्यात आलाय! त्यानं आवाज खाली आणला. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे असं त्याला सरांनी सांगितलं होतं, ते वेगळ्या अर्थानं.

"आता नीट आठवून सांगा री. तुमचं पाऊल वाकडं पडतं का?"

बाहेर कुणीतरी खोकलं. शोभाबाईनं पदर सावरला आणि सावकाश नवऱ्याकडं मान वळवली. तिची मान छान वळत होती.

"ह्ये मला म्हाईत न्हाई," ती म्हणाली. "ह्याचं उत्तर तुमीच द्या. पडलंय का वाकडं पाऊल?"

"आगं, काय बोलायलीस!"

"डागदर उगं इचारंल का? त्यांना काय तरी दिसलं आसंल. भालकीला आठवडाभर हुतात तुमी."

"पान्याच्या टाकीवर नाव लिवायलो हुतो मी!"

"एका टाकीवर आठवडाभर?"

"दोनी बाजूनी लिवायचं हुतं!"

पिराजी लाल झाला होता, त्याचे ओठ थरथरत होते, शब्द धड फुटत नव्हते. शोभाबाईच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. लिंगराजनं हे सगळं बघितलं आणि त्याची खात्रीच झाली. तो हलकेच उठला, पिराजीचे दोन्ही खांदे त्यानं घट्ट धरले, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "हलू नका री. अजिबात हलू नका. हे माझ्या हातातलं नाही. माझे मोठे सर धारवाडला आहेत. तुम्हाला तिकडं पाठवू."

धारवाड! आमच्या भागात धारवाडला पाठवतो म्हटलं की माणसाला पेढे आठवत नाहीत, वेड्यांचा दवाखाना आठवतो. पिराजीच्या डोळ्यांपुढून सगळं सरकून गेलं: गजांची खिडकी, टक्कल केलेलं डोकं, आणि नौबादच्या कमानीवर श्रीमंतच्या हातचा उलटा बुद्ध. त्यानं लिंगराजचे हात झटकले आणि ताडकन उभा राहिला. आणि इतका वेळ राखलेली अदब गेली उडत. रागात माणूस जी भाषा तोंडाला येईल ती बोलतो.

"ना एन हुच्च इद्दीनेन्री?" तो ओरडला. मी काय वेडा आहे का, असं त्यानं अस्सल बिदरच्या कन्नडमध्ये विचारलं.

लिंगराज जागच्या जागी थिजला. "हुच्च? तुम्ही? कोण म्हणालं री?"

"तुमीच की! बसल्यापासून त्येच इचारायलाव, डोकं फिरतंय का, डोकं फिरतंय का!"

"मी तर 'तले तिरुगुत्ता' असं विचारलं!"

पिराजीचा आ तसाच राहिला. तले म्हणजे डोकं, तिरुगु म्हणजे फिरणं. आणि कन्नड माणूस 'तले तिरुगुत्ता' म्हणतो तेव्हा तो कुणाला वेडा म्हणत नसतो, चक्कर येते का एवढंच विचारत असतो. पिराजीनं एकेक प्रश्न मनातल्या मनात कन्नडमध्ये उलटा नेऊन बघितला आणि मटकन खाली बसला. शोभाबाईला कळलं तेव्हा ती पदर तोंडात कोंबून हसायला लागली. वाकडं पाऊल म्हणजे तोल जातो का, हे कळल्यावर तर तिला ठसकाच लागला. लिंगराजला मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते तिनं हसत हसत सांगितलं, तेव्हा तो कानापर्यंत लाजला आणि परत परत हात जोडायला लागला.

मग मात्र सगळे सरळ कन्नडवर आले. लिंगराज जे आधीच सांगायला पाहिजे होतं ते आता नीट सांगायला लागला. मानेच्या हाडांमधून रक्ताच्या नळ्या मेंदूकडं वर चढतात. एखाद्याची नळी तिथं दबत असेल, तर मान मागं टाकली किंवा वळवली की त्याला गरगरतं. अशा माणसाची मान कुणी न विचारता मोडली, एक हिसका दिला, तर तो उठेलच असं नाही. मोडणाऱ्याला कट् आवाज येतो, त्याला वाटतं झालं काम, आणि पेशंट जन्मभर अंथरुणाला खिळतो.

"म्हणून विचारावं लागतं, अक्का," लिंगराज शोभाबाईला म्हणाला. "आता खरं सांगा. ह्यांना तसली चक्कर येते?"

"छ्या!" शोभाबाई डोळे पुसत म्हणाली. "चक्कर-बिक्कर कायबी न्हाई. त्ये सगळं मी रागाचं सांगायलते. शिडीवर दिसभर हुबे ऱ्हातेत, तब्येत कशी दगडावानी हाय. मला म्हाईत नसंल का?"

आणि इथं पिराजीचं हसू कुठल्या कुठं गेलं. मघाशी सगळे प्रश्न चुकले होते, सगळी उत्तरं चुकली होती, आणि तरी डॉक्टरला जे कळलं होतं ते खरं होतं. आता प्रश्न बरोबर होता, भाषा बरोबर होती, आणि उत्तर धडधडीत खोटं होतं. हे खोलीत एकट्या पिराजीला ठाऊक होतं.

त्यानं काहीच म्हटलं नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी त्यानं मनाची समजूत घातली. लिंगराजनं त्याचे पंजे दाबून बघितले, बोटांत मुंग्या येतात का विचारलं, चार पावलं चालायला लावलं. सगळं ठीक होतं. मग त्यानं पिराजीला टेबलावर उताणं झोपवलं आणि डोकं टेबलाच्या काठाबाहेर आपल्या दोन्ही तळव्यांत घेतलं.

"आधी नुसतं हळूच मागं आणि बाजूला नेऊन बघतो. काही वाटलं तर लगेच सांगायचं. नाही वाटलं तर मग मान मोकळी करू."

तेवढ्यात लाइट गेली. बिदरला लाइट जाणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. वरचा पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला. लिंगराजनं डोकं सावकाश मागं झुकवलं, मग थोडं डावीकडं वळवलं आणि तसंच धरून ठेवलं. त्याचे तळवे उबदार होते. पिराजी पंख्याकडं बघत पडला होता. बघता बघता पंखा परत फिरायला लागला.

"आली व्हय लाइट?" पिराजीनं विचारलं.

"न्हाई की अजून," कोपऱ्यातून शोभाबाई म्हणाली. ती पदरानं वारा घेत होती. "कामून?"

लिंगराजचे हात जागच्या जागी थांबले. तो वरून पिराजीच्या डोळ्यांत बघत होता. "का विचारलं री?"

उत्तर तयार होतं. उकडायलंय म्हणून विचारलं, एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं की मान मोकळी होणार होती, शिडी लागणार होती, कमानीवर बापानं लिहून घेतलेल्या कोळशाच्या अक्षराला रंग चढणार होता. पिराजीनं ते शब्द जिभेवर आणलेसुद्धा. पण त्याला शोभाबाईचा पदराचा वारा ऐकू येत होता. ती किती निवांत बसली होती! दगडावानी तब्येत, म्हणाली. आपल्या नवऱ्याला काही झालं तर आपल्याला आधी कळेल, ह्या भरवशावर ती बसली होती, आणि तो भरवसा पिराजीनंच तिला खोटा करून दिला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. आणि लाजेच्या बरोबरीनं भीतीही वाटली, कारण पंखा अजून फिरतच होता.

"शोभे," तो मराठीत म्हणाला, "मला चक्कर येतीया."

पदराचा वारा थांबला.

"आत्ताबी यायलीया. वर बघितलं की येतीया. शिडीवर बी येतीया."

लिंगराजनं त्याचं डोकं अगदी सावकाश, बाळाचं उचलावं तसं सरळ केलं, टेबलावर आणलं आणि खाली उशी सरकवली. पंखा हळूहळू थांबला. लिंगराजनं मग भराभर सांगितलं. मान कुणीही मोडायची नाही, तो नाही, न्हावी तर नाहीच. रक्तदाब बघायचा, मानेच्या हाडांचा फोटो काढायचा, आणि गुलबर्ग्याला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं. "धारवाडला नाही री," तो घाईनं म्हणाला. तोवर गळ्याला पट्टा. आणि शिडी बंद. किती दिवस हे मोठे डॉक्टर सांगतील, पण आज तरी बंदच.

शोभाबाईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि पट्टा स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या गळ्यात आवळला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर पिराजीला बरं वाटलं असतं.

दवाखान्याच्या बाहेर ऊन रणरणत होतं. बसस्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर माणसांची ये-जा होती. शोभाबाईनं चालता चालता त्याचा दंड धरला. लग्नात धरला नसेल इतका घट्ट धरला.

"सोड की. लोकं बघायलेत," पिराजी पुटपुटला.

"बघू द्या." मग थोडं पुढं गेल्यावर, "कवापासून?"

"दिवाळीपासून."

"आन मला आज कळायलंय. त्येबी पंख्यामुळं."

"तुला सांगितलं आसतं तर तू शिडी चुलीत घातली आसतीस."

"घातलीच आसती."

दोघं तसेच चालत राहिले. पिराजीच्या गळ्यात पट्टा रुतत होता. आता कमिटीला सांगावं लागणार. श्रीमंतला निरोप धाडावा लागणार. जाऊन त्याला एकदा 'द'ला 'ध' कसा जोडायचा ते तरी दाखवून येऊ, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"आबाच्या नावानं लिवनार हुतो गं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुनाच्या हातचं नको हुतं."

"मग लिवा की. कोन नको म्हनायलंय?" शोभाबाई म्हणाली. "पत्र्यावर लिवा. अंगनात मांडी घालून बसा आन खाली बघून लिवा. वर चढवायला कमिटीतली मानसं हायत. भाषनाला चढतेत की टेजावर, पत्रा घिऊन चढू द्या."

पिराजीला हे सुचलं नव्हतं. भिंत सोडून त्याच्या डोक्यात कधी काही आलंच नव्हतं. पण पेंटर तो पेंटर.

"भित्तीवरचं अक्षर ऱ्हातंय गं," तो म्हणाला. "पत्रा गंजतोय."

शोभाबाई रस्त्याच्या मध्येच थांबली. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून वाजवून शेवटी कडेनं गेला.

"पत्रा गंजला तर दुसरा आनू," ती म्हणाली. "तुमी वरून पडलाव तर दुसरा कुठनं आनू मी?"

एवढं म्हणून ती भर रस्त्यात रडायला लागली, पदर तोंडाला न लावता, आणि दंड काही सोडला नाही. पिराजी तिच्याजवळ उभा राहिला. जरा वेळानं त्यानं खिशातला रंगाचे डाग पडलेला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"चल," तो म्हणाला. "पत्रा बघून येऊ."